जागा ठरेपर्यंत

"ते सगळं खरं, पण जागा कुणाची?"

हा प्रश्न भाऊसाहेब कुठंही विचारत. लग्नाच्या पंगतीत बसले, की पानात मीठ पडायच्या आत शेजाऱ्याकडं झुकून म्हणत, "कार्यालय झकास हाय. पण जमीन बिनशेती झाली का?" दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर आधी खिडकीच्या चौकटीवरून बोटं फिरवत बाहेर बघत, इमारत कुणाच्या नावावर आहे याचा अंदाज घेत, आणि मग सलाईन लावलेल्या माणसाची चौकशी करत. आमच्या बारामतीच्या कॉलनीतल्या गणपतीच्या मांडवात भर आरतीत त्यांनी माझ्या कानाशी लागून सांगितलं होतं, की मूर्ती सरकारी जागेत बसली आहे आणि भक्त खाजगीत उभे आहेत.

असा एखादा गृहस्थ तुमच्याही आळीत असेल. आपण त्याला हसतो, आणि प्लॉट घ्यायची वेळ आली की त्याच्याच दारात उभे राहतो.

भाऊसाहेबांची सगळी नोकरी इंदापूर तालुक्यात, महसूल खात्यात गेली. त्या खात्यातल्या माणसाला आपल्याकडं भाऊसाहेब म्हणतात, आणि खातं सुटलं तरी तो शब्द सुटत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं. त्यावर नावापेक्षा 'निवृत्त' हा शब्द ठळक होता, जणू ती शेवटची बढती असावी. घरातही ते कचेरीचं मराठी बोलत. वहिनींनी भाजी आणायला सांगितली, की म्हणत, "प्रस्ताव विचाराधीन हाय." वहिनी आतून म्हणत, "मग जेवणबी विचाराधीन हाय." भाजी येई.

एका दुपारी ते माझ्याकडं आले. "तुमचा ब्लॉग हाय म्हणं."

होता. वाचलेल्या पुस्तकांबद्दल मी तिथं काहीबाही लिहितो. वाचक म्हणजे माझी बहीण, आणि एक अनोळखी सद्गृहस्थ, जे लेख टाकल्याबरोबर, तो वाचायला लागणारा वेळ वाया न घालवता, खाली 'सुंदर' असं लिहितात.

"मलाबी काढायचा हाय," भाऊसाहेब म्हणाले. "आमचं जुनं गावठाण. एकेक घर."

त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते हायस्कुलात होते. नवं गाव वर माळावर वसलं, माणसं पुण्याला, सोलापूरला, कुठं कुठं पांगली. "आमच्या शाळेवर आता फ्लेमिंगो उभा असतो," ते म्हणत, "आणि पुण्याची माणसं येऊन त्याचा फोटो काढत्यात. शाळेचा कुणी काढला न्हाय." जुन्या गावात कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागून होती, हे वेशीपासून क्रमानं सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. ती म्हणजे त्यांची आत्या. तिचं वय कागदावर नव्वदीच्या पुढं होतं आणि भाऊसाहेबांच्या मते कागदावर ते कमी लागलं होतं.

"ती हाय तवर लिवून घ्यायचं," ते म्हणाले. हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता.

"मग आजच सुरुवात करा."

"करतो की. पण लिवायचं कुठं? जागा कुणाची?"

मी त्यांना तीन प्रकार समजावून सांगितले. पहिला फुकटचा. मोठी कंपनी जागा देते, आपण नाव टाकायचं आणि लिहायला लागायचं. पत्त्याच्या शेपटाला कंपनीचं नाव राहतं, आणि तिच्या मनात आलं तर ती उद्या सगळं बंद करू शकते. दुसरा वर्गणीचा. दिसायला नेटका, व्यवस्था सगळी त्यांची, पण वर्गणी थांबली की दार बंद. तिसऱ्यात आपण आपलं स्वतःचं नाव नोंदवायचं, सर्व्हरवर जागा घ्यायची आणि सगळा संसार आपला आपण मांडायचा. भाऊसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि डोळे न उघडता तिन्हींचं बारसं केलं.

"पहिलं गायरान. दुसरं भाडेपट्टा. तिसरं खरेदीखत."

त्यानंतर आमच्या कॉलनीत ब्लॉगच्या प्लॅटफॉर्मांना दुसरी नावं उरली नाहीत.

"खरेदीखतात सातबारा आपल्या नावावर होतो ना?" त्यांनी विचारलं.

"होतो म्हणा. पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. राहून गेलं तर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो."

आता डोळे उघडले. "म्हणजे ती खरेदी न्हाय."

"तशी नाहीच."

"कायमची मालकी कुठंच न्हाय? अख्ख्या इंटरनेटवर?"

"नाही."

"नव्याण्णव वर्षांचा पट्टा तरी?"

"नाही हो."

ते खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "आणि लोक तितं बिनघोर लिवत्यात?" त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

इतका गंभीर निर्णय एकट्यानं घेणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटलं. आमच्याकडं दूध, ऊस आणि कर्ज या सगळ्या गोष्टी समितीतूनच होतात, त्यामुळं ब्लॉगची निवड समिती निघाली तेव्हा मलाही सुरुवातीला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी होतो तज्ज्ञ म्हणून. एका पतसंस्थेचे माजी संचालक होते, ते माजी म्हणून. शिवाय सांगवीचे एक पाहुणे आणि वडगाव निंबाळकरचे एक पाहुणे घेतले होते, कारण भाऊसाहेबांना प्रादेशिक समतोल हवा होता. या तिघांपैकी कुणीही ब्लॉग नावाची गोष्ट पाहिलेली नव्हती, त्यामुळं त्यांची मतं ठाम होती.

"फुकटची जागा म्हणजे अतिक्रमण," माजी संचालक म्हणाले. "उद्या नोटीस निघाली तर?"

"निघू द्या की," सांगवीचे पाहुणे पोह्यांतले शेंगदाणे वेचत म्हणाले. "गायरानात बसलेला माणूस आजवर कुणी उठवलाय? मी म्हणतो, गायरानच घ्या."

"आणि पाण्याचं काय?" वडगावचे पाहुणे. ते जरा झोपेतून उठले होते.

शेवटी ठराव झाला, की तिन्ही पर्यायांचा तौलनिक अभ्यास करून तज्ज्ञांनी अहवाल द्यावा. मी अर्ध्या पानाचा अहवाल दिला. भाऊसाहेबांनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "मजकूर ठीक हाय. पण पातळ हाय."

मधल्या काळात ते मला आत्याकडं घेऊन गेले. इंदापूरच्या पुढं, धरणाच्या काठावरचं नवं गावठाण, सरळ रस्ते, एकसारखे चौक. आत्या उन्हाला पाठ करून ओट्यावर बसली होती. भाऊसाहेबांनी विषय काढायचा अवकाश, तिनं हात पुढं करून हवेत रस्ता आखला.

"येशीतनं आत शिरलं का उजव्या अंगाला गुरवाचं घर. त्येच्या भिताडाला भीत लावून तेल्याचं. तेल्याच्या घाण्याला बैल, त्येचा उजवा डोळा गेल्याला. तेल्याची सून लई ग्वाड हसायची, पर सासू आली की गप. मग आमचं. आमच्या फुडं लोहार." इथं ती थांबली. दम लागला होता. "बाकीचं फुडल्या बारीला सांगते. लिवलंस न्हवं?"

भाऊसाहेब हात मांडीवर ठेवून बसले होते. "जागा ठरतीया, आत्या."

"जागा?" आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पुतण्याकडं. "आरं, जागा बुडाली की कवाच! आता कसली ठरीवतूस?"

"ती न्हवं. लिवायची जागा."

"लिवायला जागा लागती व्हय?" आत्या म्हणाली. "मला वाटलं, अक्कल लागती."

परत येताना गाडीत मी म्हणालो, निदान फोनवर तिचं बोलणं तरी भरून ठेवा. ते म्हणाले, फोनमधलं शेवटी जाऊन पडतं तेही कंपनीच्याच जागेत. मी जरा चिडलोच. भिगवणला चहाला थांबलो. मासळीच्या पेट्या भरलेला टेम्पो समोर उभा होता. त्याकडं बघत ते म्हणाले, "आमच्या आळीपर्यंत पाणी येत न्हाय, आसं गावात सगळे म्हणायचे. वडील त्या बोलण्यावर बसले. शेजाऱ्यांनी दारं-चौकटी काढून वर नेल्या, आमी न्हाय काढल्या. मग एक दिवस आमचं दार तरंगत आलं. आईनं वळखलं ते." चहा संपवून त्यांनी कप नीट फळीच्या मधोमध ठेवला. "एकदा दुसऱ्याच्या भरवशावर बसलोय आमी."

मी परत कधी 'कुठंही लिहा' असं त्यांना म्हणालो नाही. आत्या दर भेटीत वेशीपासून सुरुवात करी आणि लोहारापाशी तिचा दम संपे. ते मला दिसत होतं, आणि भाऊसाहेबांना दिसत नव्हतं असं समजायचं कारण नाही. तरी समितीच्या बैठका काही टळल्या नाहीत.

मग नोटीस लागली. दूध डेअरीच्या फळ्यावर, दाराच्या समोर. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली सही करणार हे "जुने गावठाण" या नावाचा ब्लॉग सुरू करीत असून, सदर नावाबाबत अथवा आळ्यांच्या क्रमाबाबत कोणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. मुदतीनंतर कोणाचे काही एक ऐकले जाणार नाही.' खाली आळ्यांचा क्रम, वेशीपासून.

ब्लॉगवर कोण हरकत घेणार, असं मला वाटलं. इतकी वर्षं इथं राहून मला आमची माणसं कळलेली नाहीत. एकानं लिहिलं, की बुडालेल्या गावाचा ब्लॉग कॉलनीत निघाला तर प्लॉटचे भाव पडतील. दुसऱ्यानं हरकत घेतली, की फळा डेअरीचा असून नोटीस लावायची परवानगी घेतलेली नाही. ही वाचून भाऊसाहेब खुलले. "बरोबर हाय त्याचं! जागा डेअरीची!" त्यांनी नोटीस काढून परवानगी घेतली आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तिसरी हरकत गौतमरावांची होती.

गौतमराव आमच्याच कॉलनीत, मागच्या गल्लीत राहतात. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. गाव तेच, शाळा तीच, वर्गही भाऊसाहेबांचाच. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना 'नमस्कार साहेब' आणि 'नमस्कार भाऊसाहेब' यापलीकडं काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. सुनावणीला ते वेळेवर आले. पोहे नको म्हणाले.

"क्रमात शेवटी काय लिहिलंय, भाऊसाहेब? जरा वाचून दाखवा."

"नदीकडील वस्ती, एकत्रित."

"एकत्रित म्हणजे काय?"

"म्हणजे सगळी मिळून. आपली पद्धत तशी..."

"तेल्याच्या बैलाचा कुठला डोळा गेला होता, ते तुम्ही अख्ख्या कॉलनीला सांगत फिरता," गौतमराव शांतपणे म्हणाले. "आणि आमच्याकडं माणसं राहत होती, ती एकत्रित?"

माजी संचालकांनी विषय बदलायच्या बेतानं घसा साफ केला. गौतमरावांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"पाणी आधी आमच्यात शिरलं. बुडताना आमचा नंबर पहिला होता. मग लिहिताना शेवटचा का?"

भाऊसाहेबांकडं अशा वेळेसाठी पुष्कळ वाक्यं होती. नोकरीभर त्यांनी तीच वापरली होती. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. मग म्हणाले, "हरकत मंजूर. वस्ती पहिली." आणि थोड्या वेळानं, "घरं आत्याला इचारून घेऊ."

"तुमच्या आत्याला कशी माहीत असणार? त्या कधी आल्या होत्या आमच्याकडं?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"मी सांगतो," गौतमराव म्हणाले. "मला आठवतं तेवढं." मग त्यांनी पोह्यांची बशी स्वतःकडं ओढली.

समितीनं बिनविरोध खरेदीखत मंजूर केलं. नाव नोंदवलं, जागा घेतली. आता लिहायला हरकत नव्हती. पण तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुमच्या ध्यानात आलंच असेल की एक गोष्ट राहिली होती. उद्घाटन राहिलं होतं.

कळ आत्या दाबणार होती, आणि ती दाबताना शेजारी तालुक्यातले एक मान्यवर उभे राहणार होते. मान्यवरांची तारीख मिळेना. आधी कारखान्याचा हंगाम सुरू झाला. मग लग्नं आली. मग मान्यवर मोकळे झाले, तर निवडणूक लागली. आचारसंहितेत ब्लॉगचं उद्घाटन करता येत नाही, असा कुठलाही नियम नाही, हे मी सांगून पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "नियम न्हाय, पण संकेत हाय." तोवर खरेदीखताच्या जागेवर 'लवकरच येत आहे' एवढंच होतं. मध्ये भाऊसाहेबांचा फोटो, वर त्याहून मोठा मान्यवरांचा. गावाचा फोटो नव्हता, कारण गावाचा फोटो नव्हताच.

आत्या गेल्याचा फोन आचारसंहितेत आला.

आम्ही तिघंही गेलो. गौतमराव स्वतःहून गाडीत बसले. ओट्यावर, जिथं ती बसायची तिथं, आता पुरुष मंडळी बसली होती. एकेक म्हातारं माणूस येऊन भाऊसाहेबांना सांगे, "लई ध्यान होतं हो तिला. सगळं गाव तोंडपाठ." ते मान हलवत. कुणीतरी म्हणालं, "तुमी लिवून घेतलं असंल की." त्यावरही त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

दहावा झाल्यावर संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. बरोबर गौतमराव होते.

"तुमचा ब्लॉग कुठल्या जागेत हाय?"

"गायरानात."

"माझाबी तितंच काढा. आत्ता."

"आणि खरेदीखत?"

"त्याचं उद्घाटन होऊ द्या सावकाश."

मी टाइप करायला बसलो. त्यांनी सांगायला सुरुवात केली, ती अर्थातच 'सबब सादर करण्यात येते की' अशी. मी तसंच उतरवलं. नदीच्या अंगाला पहिलं घर कुणाचं, इथं ते थांबले आणि गौतमरावांकडं वळले. गौतमराव डोळे बारीक करून सांगू लागले. कुणाच्या दारात निंबाचं झाड, कुणाच्या घरी कंदील, कुणाची म्हातारी पोरांना नदीवर जाऊ देत नसे. भाऊसाहेब मध्येच म्हणाले, "ती म्हातारी? मला गूळ दिला होता तिनं. घरी सांगितलं न्हाय मी." गौतमराव म्हणाले, "तेही घ्या." मी घेतलं. सबब आणि सदर आपोआप गळून गेले.

मग वरची आळी. गुरव, तेली, बैल, हसणारी सून, त्यांचं स्वतःचं घर, लोहार. 

"लोहाराच्या पुढे घरे होती," भाऊसाहेबांनी सांगितलं.

मी थांबलो. "किती? कुणाची?"

"न्हाय. तेवढंच लिवा."

मी मजकूर टाकला. 'सुंदर' लगेच आलं. पुढच्या आठवड्यात मात्र गावची माणसं आली, कुठून कुठून, सोलापूरहून, हडपसरहून. बैलाचा डोळा डावा होता, उजवा नव्हे, यावर दोन घराण्यांत वाद लागला आणि भाऊसाहेबांनी दोघांना लेखी म्हणणं मांडायला सांगितलं. वस्तीतली तीन राहिलेली घरं एका बाईंनी नागपूरहून सांगितली. लोहाराच्या पुढचं मात्र कुणी सांगेना.

भाऊसाहेब आता नाहीत. खरेदीखताच्या जागेची मुदत त्यांच्या हयातीतच संपली. ते नाव कुणीतरी घेतलं, आणि तिथं आता गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात असते. त्याबद्दल त्यांनी कुणाकडंही तक्रार केली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं होतं. आम्ही तिघं काठावर गेलो. भेगाळलेला चिखल, शिंपल्यांचा चुरा, आणि मध्ये मध्ये घरांचे चौथरे उघडे पडलेले. भाऊसाहेब इस्त्रीची पांढरी पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून आले होते, कारण त्यांच्या लेखी ही स्थळपाहणी होती. लोहाराचा चौथरा त्यांनी शोधला. त्याच्या पुढच्या दगडांवरून ते बराच वेळ फिरले, एकेका दगडापाशी वाकून. मग परत आले.

"आणि तुमचं?" त्यांनी गौतमरावांना विचारलं.

गौतमरावांनी पाण्याकडं बोट केलं. "आमचं अजून आत आहे. ते एवढ्यात उघडं पडत नाही."

"फोटो पायजे," भाऊसाहेब म्हणाले. "वस्ती पहिली हाय."

"पाण्याचा फोटो?"

"जागेचा."

त्यांनी बूट काढून माझ्या हातात दिले, मोजे घडी करून बुटांत घातले, आणि पँट न दुमडता सरळ पाण्यात शिरले. एक हात फोनसाठी उंच धरलेला. पलीकडं कॅमेरे लावून बसलेली पुण्याची मंडळी वैतागून हातवारे करू लागली, कारण पक्षी बिचकून सरकले होते. भाऊसाहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांनी वळून हाक दिली.

"हितं का?"

गौतमराव काठाला उभे होते, कपाळावर हाताची सावली धरून.

"आरं, आजून आत."

भाऊसाहेबांनी पाय चाचपडत आणखी एक पाऊल टाकलं. "हितं?"

"आजून आत."